सालामांकात चार आठवडे स्पॅनिश: निघण्याआधी आणि पोचल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात स्पॅनिशची ए२ (प्राथमिक) पातळी पूर्ण केलेली, पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी जुलैमध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात चार आठवड्यांचा उन्हाळी स्पॅनिश अभ्यासक्रम करणार आहे. राहणार तिथल्याच एका कुटुंबात. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: तेवढ्यात बी१ (त्यापुढची, मध्यम पातळी) होईल का, शाकाहारी माणसाचा निभाव लागेल का, आणि आत्तापासून काय तयारी करावी.

बी१चं आधी सांगतो, कारण चुकीची अपेक्षा घेऊन गेलीस तर तिसऱ्या आठवड्यात खचशील. ए२पासून बी१पर्यंत पोचायला साधारण दीडशे ते दोनशे तास शिकावं लागतं. उन्हाळी वर्गात बहुधा आठवड्याला २० तासिका असतात, एकेक ५० ते ५५ मिनिटांची. चार आठवड्यांच्या ८० तासिका म्हणजे सत्तर-बहात्तर तास. वर्गाच्या हिशोबानं ही अर्ध्याहून कमी पातळी झाली. पण कान आणि तोंड यांचा हिशोब वेगळा असतो. घरातलं दुपारचं आणि रात्रीचं जेवण मिळून रोज दीड तास धरलास तरी २८ दिवसांत ४२ तासांचं बोलणं होतं. जेवण झाल्यावर टेबलावर बसून गप्पा मारत राहण्याला स्पॅनिशमध्ये सोब्रेमेसा म्हणतात. जेवल्याबरोबर खोलीत जाऊन मोबाईल उघडणारा विद्यार्थी नेमके हेच तास घालवून बसतो. त्यामुळे कोणती शाळा निवडलीस यापेक्षा दुपारी दोन ते रात्री अकरा या वेळात काय करतेस, यावर जास्त अवलंबून आहे.

शहराची निवड चांगली आहे. सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं. परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणं हा या गावाचा जुना व्यवसाय आहे, त्यामुळे दुकानदारही अडखळणाऱ्या माणसाला थोडा वेळ देतो. गाव पायी फिरता येण्याएवढं आहे. उच्चार स्पष्ट, शब्द गिळले जात नाहीत. ए२च्या कानाला दक्षिणेकडच्या आंदालुसियापेक्षा हे बरंच सोपं जातं. जुलै निवडलास तेही ठीक. ऑगस्टमध्ये बरीच दुकानं सुट्टीवर जातात. एक अडचण मात्र दोन्ही महिन्यांत आहे: विद्यापीठातले स्पॅनिश विद्यार्थी उन्हाळ्यात आपापल्या गावी गेलेले असतात. गावात तरुण दिसतील ते बरेचसे तुझ्यासारखेच शिकायला आलेले अमेरिकन, इटालियन, ब्राझिलियन, जपानी. 'तिथे गेलं की आपोआप स्पॅनिश मित्र होतील' हे उन्हाळ्यात होत नाही. बोलायला माणसं मिळतात ती घरात, बाजारात आणि चौकातल्या बाकांवर, आणि ती बहुतेक साठीच्या पुढची असतात. त्यांना वेळ असतो आणि ती इंग्रजीकडे वळत नाहीत. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं ही सोयच आहे.

आता तयारी. हातात दोन महिने असतील तर नवीन व्याकरण शिकू नकोस. येतं तेच तोंडात बसव. आणि हे काम मराठीतून कर. आपल्याकडे स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतात आणि विद्यार्थी डोक्यात मराठीवरून इंग्रजी, इंग्रजीवरून स्पॅनिश अशी दोन वळणं घेतो. त्यातलं एक वळण सरळ कापता येतं, कारण मराठीची वाक्यरचना अनेक ठिकाणी इंग्रजीपेक्षा स्पॅनिशच्या जवळ आहे.

'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य घे. इंग्रजीतून येणाऱ्याला त्यात कर्ता उलटा वाटतो. मराठीत ते जसंच्या तसं आहे: मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लास थेरेथास', मला चेरी आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, दोन्ही भाषांत. 'मे दुएलेन लोस पिएस' म्हणजे माझे पाय दुखतात. इथेही दुखणारे पायच कर्ता. तसंच माणसाच्या आधी लागणारा 'आ'. 'बेओ ला कासा' म्हणजे मी घर बघते, पण 'बेओ आ मारिया' म्हणजे मी मारियाला बघते. मराठीत घराला 'ला' प्रत्यय लागत नाही, मारियाला लागतो. इंग्रजीतून शिकणारे हा 'आ' वर्षभर विसरत राहतात. हा मराठी 'ला' डोक्यात ठेवलास तर तुझा फारसा चुकणार नाही.

भूतकाळात मराठीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. 'लहानपणी आजोळी जायचे' यातलं 'जायचे' म्हणजे इबा. 'काल गेले' म्हणजे फुई. 'आज जेवले आहे' म्हणजे ए कोमिदो. स्पेनमध्ये आजच्या गोष्टीसाठी हे 'जेवले आहे' रूप सर्रास वापरतात, लॅटिन अमेरिकन पुस्तकातून शिकलेल्यांना ते तिथे गेल्यावर कळतं. 'म्हणत होतो' हेसुद्धा 'जायचे'च्याच घरातलं. सालामांकात याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत इथले प्राध्यापक आणि कवी फ्राय लुईस दे लेओन यांचं वर्गदालन अजून दाखवतात. सोळाव्या शतकात धर्मन्यायालयानं त्यांना सुमारे पाच वर्षं कैदेत ठेवलं. सुटून आल्यावर पहिल्या तासाला त्यांनी 'देथीआमोस आयेर' म्हणून शिकवायला सुरुवात केली, अशी आख्यायिका आहे. काल आपण म्हणत होतो. त्या दालनात उभी राहून हे वाक्य एकदा म्हण, अपूर्ण भूतकाळ कायमचा लक्षात राहील. पुढच्या पातळीला मुलं ज्याला घाबरतात त्या 'किएरो के बेंगास'चंही तसंच: 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' तेच काम करतं.

मराठी जिथे फसवते तेही माहीत असू दे. 'आहे' हे एकच क्रियापद तिकडे सेर आणि एस्तार असं दोन घरांत वाटलेलं आहे. 'एस्तोय आबुरिदा' म्हणजे मी कंटाळले आहे. 'सोय आबुरिदा' म्हणजे मी कंटाळवाणी बाई आहे. दुसरी फसगत लिंगाची: स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंग नाही, म्हणून आपण जिथे 'ते' म्हणतो तिथे एल (पुल्लिंगी) की ला (स्त्रीलिंगी) हे शब्दागणिक पाठ करावं लागतं. विशेषण बदलायची सवय मात्र आपल्याला आहेच. चांगला-चांगली बदलतं आणि लाल बदलत नाही, तसं बुएनो-बुएना बदलतं आणि बेर्दे (हिरवा) दोन्ही लिंगांत तसंच राहतं.

उच्चारात तू वर्गातल्या बऱ्याच जणांच्या पुढे असशील. स्पॅनिश त आणि द दातांवरचेच, आपल्यासारखे. प, त, क यांत हवा नाही. पाच स्वर स्वच्छ: आ, ए, इ, ओ, उ. चुका तीन होतात. एक, 'ग्राथियास'मधला थ आपण 'थाळी'तला काढतो. तो तसा नाही. जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांमधून जरासं बाहेर ठेवायचं आणि हवा घासत जाऊ द्यायची, जीभ कुठे आदळू द्यायची नाही. दोन, इंग्रजीच्या सवयीनं व म्हणतो. लिहिताना दोन अक्षरं वेगळी असली तरी उच्चार एकच, ब. 'व्हिव्हिर' नाही, 'बिबिर', आणि दुसऱ्या ब ला ओठ पूर्ण मिटू नयेत. तीन, दोन स्वरांमधला द. 'नादा' म्हणताना तो इतका मऊ होतो की कानाला जवळजवळ 'ना-आ' ऐकू येतं. हे माहीत नसलं की पहिल्या आठवड्यात निम्मे शब्द ओळखीचे असूनही ओळखू येत नाहीत.

बटाट्याला तिथे पाताता म्हणतात, बिजागरीला बिसाग्रा, पैसे देण्याला पागार. आपले बटाटा, बिजागरी, पगार हे शब्द पोर्तुगिजांकडून आले आणि पोर्तुगीज स्पॅनिशची सख्खी शेजारीण. गोव्यातल्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी पोर्तुगीज बोलतात त्यांना समजायला फार सोपं जातं, पण बोलताना दोन्ही भाषा एकमेकींत मिसळतात. त्यांनी लिहिण्याचा सराव जास्त करावा.

कागदपत्रांचं लवकर हातात घे. ९० दिवसांच्या आतल्या अभ्यासक्रमाला शेंगेन अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नेहमीचे १५ दिवस, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात, आणि उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं. जुलैसाठी मार्च-एप्रिलमध्ये वेळ घे. शाळेच्या पत्रात तारखा आणि आठवड्याच्या तासिका हव्यात. शुल्काची पावती, राहण्याच्या सोयीचं पत्र, खर्च करणाऱ्या पालकांचं बँक विवरण आणि हमीपत्र, तुझ्या कॉलेजचं पुढच्या वर्षी प्रवेश चालू असल्याचं पत्र जोड. परत येण्याचं कारण या शेवटच्या कागदावरून दिसतं, आणि तोच जोडायचा राहतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस धरणारा हवा. वर्गाच्या तारखांपुरता विमा काढून आधीचा शनिवार-रविवार सोडून दिला की अर्ज अडतो. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला असावा.

खर्चाचा अंदाज: शिकवणी आणि कुटुंबातली जेवणासकट सोय मिळून चार आठवड्यांचे साधारण दीड ते अडीच हजार युरो, विमानभाडं वेगळं. तिथल्या एटीएमवर 'रुपयांत रूपांतर करू का' असं विचारलं तर नाही म्हण आणि युरोच निवड. त्यांचा दर महाग पडतो.

माद्रिद ते सालामांका सुमारे २१० किलोमीटर. बसनं अडीच-तीन तास, रेल्वेनं गाडीप्रमाणे दीड ते तीन. विमान उतरल्यापासून किमान तीन तास हातात ठेवून तिकीट काढ. शनिवारी पोच. रविवारी दुकानं बंद असतात आणि सोमवारी सकाळी वर्ग. गाव समुद्रसपाटीपासून ८०० मीटरवर आहे. दुपारी रणरणतं ऊन आणि पहाटे स्वेटर लागेल एवढा गारवा, हे एकाच दिवसात होतं. सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास, त्यामुळे रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला असतं याचं नवल वाटू देऊ नकोस. मधली भूक भागवायला सहा-सातला काहीतरी खाऊन घे.

पातळी ठरवणारी परीक्षा शाळा बहुधा आधी ऑनलाइन घेते. ती कोणाच्या मदतीशिवाय दे. आपल्या विद्यार्थ्यांचं लेखी व्याकरण बोलण्यापेक्षा दीड पायरी पुढे असतं, म्हणून पहिल्या दिवशी वरच्या वर्गात बसवलं जातं आणि तिथे चार आठवडे गप्प बसणं होतं. व्याकरण ओळखीचं आणि तोंड उघडता येतं, असा वर्ग तुझा. वर्ग बदलून मागायचा तर पहिल्या दोन दिवसांतच माग. इटालियन आणि ब्राझिलियन मुलं पहिल्या दिवसापासून भराभरा बोलतील. त्यांच्या भाषा स्पॅनिशच्या बहिणी आहेत. त्यांच्या चुका तुझ्यापेक्षा कमी नसतात, वेग जास्त असतो. त्यांच्याशी तुलना करू नकोस. शिक्षकांना तू, म्हणजे 'तू'च, म्हणायचं. उस्तेद आपल्याला सभ्य वाटतं, पण वर्गात ते परकं ऐकू येतं. घरच्या बाईंना आधी उस्तेद म्हण, त्या स्वतःच 'तुतेआमे', म्हणजे 'मला तू म्हण', म्हणतील. एकापेक्षा जास्त माणसांना बोसोत्रोस. ते रूप पुस्तकात असलं तरी आपल्याकडे तोंडात बसवून घेत नाहीत, तेवढं पाठ करून जा.

आता घर. बरेचदा यजमान म्हणजे एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाई असतात, खोल्या विद्यार्थ्यांना देणाऱ्या. अर्जात लिहून माग की घरात तुझी भाषा बोलणारा दुसरा विद्यार्थी नको. बाथरूमच्या जमिनीला उतार आणि मोरी नसते. पाणी शॉवरच्या पडद्याआतच राहायला हवं, बाहेर सांडलं तर फ्रेगोना, म्हणजे दांड्याचा पोछा, घेऊन लगेच पुसायचं. आंघोळ पाच मिनिटांत. घरात अनवाणी चालणं तिथे वाईट दिसतं, सपाता ने. कपडे आठवड्यातून एकदा त्या धुतात, स्वतः बेसिनमध्ये धुवून खिडकीत टांगू नयेत. उन्हाच्या वेळी पेर्सियानास, म्हणजे खिडकीची गुंडाळणारी झडप, खाली ओढून ठेवायची. वाढताना आपल्यासारखा आग्रह होईलच असं नाही. 'नको' एकदा म्हटलं की बहुतेक वेळा ते खरं धरतात, म्हणून हवं असेल तर पहिल्यांदाच 'सी, उन पोको मास' (हो, आणखी थोडं) म्हण.

शाकाहाराचा निभाव लागतो, पण 'सोय बेखेतारियाना' एवढं म्हणून चालत नाही. मांस म्हणजे कार्ने, आणि हॅम किंवा ट्यूना त्यात अनेकांच्या मते येत नाही. म्हणून आधी लेखी आणि मग तोंडी सांग: 'नो कोमो नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी आतून, नी काल्दो दे कार्ने'. शेवटचं मांसाच्या रश्श्याचं, ते विसरलं जातं. गाफील राहू नये असे पदार्थ: लेंतेखास हे मसुरासारख्या डाळीचं कालवण दिसायला आपलं, पण त्यात बहुधा चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, शिजलेला असतो. पातातास मेनेआस हा तिथला खास बटाटा, त्यावर डुकराचे तळलेले तुकडे. मिक्स सॅलडवर ट्यूना, क्रोकेतांत हॅम. निर्धास्त खाण्यासारखं: गाथ्पाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, पिस्तो म्हणजे टोमॅटो आणि ढोबळी मिरची घालून आपल्या मिश्र भाजीसारखी शिजवलेली भाजी, पिमिएंतोस दे पाद्रोन या तळलेल्या मिरच्या, चीज, भात. अंडं चालत असेल तर तोर्तिया दे पातातास रोज मिळेल आणि पोटभर होईल. चालत नसेल तर 'नी उएबोस' जोडायला विसरू नको. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर कुटुंबात राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथल्या स्वयंपाकाची सुरुवातच त्या दोघांनी होते आणि रोज नाही म्हणण्यात गप्पांचा वेळ जातो. अशा विद्यार्थ्यानं स्वयंपाकघर असलेलं वसतिगृह घ्यावं.

बोलण्याचा सगळ्यात चांगला सराव मेर्कादो थेंत्राल या बाजारात होतो. तो प्लाथा मायोर या मुख्य चौकाला लागूनच आहे. तिथे रांग दिसत नाही, माणसं विखुरलेली उभी असतात. गेल्यावर मोठ्यानं विचारायचं, '¿किएन एस एल उल्तिमो?', शेवटचं कोण? कोणी 'यो' (मी) म्हणेल, त्याच्यानंतर तू. मग नवीन आलेली आजी विचारेल तेव्हा 'यो' तू म्हणायचंस. मंडईसारखं फळ स्वतः उचलून दाबून बघायचं नाही, विक्रेताच निवडून देतो. 'मे पोने मेदियो किलो दे थेरेथास?' अर्धा किलो चेरी. तो विचारेल '¿आल्गो मास?', आणखी काही? तू 'नादा मास, ¿कुआंतो एस?', आणखी काही नको, किती झाले? उत्तर येईल 'त्रेस कोन कुआरेंता', तीन युरो चाळीस सेंट. हा 'कोन' पुस्तकात नसतो आणि पहिल्या दिवशी कळत नाही. दिवसाआड अर्धा किलोच घे. एकदम दोन किलो घेतलंस तर बोलण्याच्या तीन संधी गेल्या. दुकानदार इंग्रजीत उत्तर देऊ लागला तर हसून स्पॅनिशमध्येच पुढे बोल, तोही परत वळतो.

एक छोटी वही सोबत ठेव. दिवसभरात कानावर पडलेली दहा वाक्यं, जशी ऐकू आली तशी, देवनागरीतच लिही. मराठी लिपी स्पॅनिश उच्चार रोमन अक्षरांपेक्षा नेमका धरते. रात्री जेवताना त्यातली तीन वाक्यं घरच्या बाईंना विचार. त्या चूक दुरुस्त करतात, शिवाय बोलायला विषय मिळतो. कास्तिया या सालामांकाच्या प्रांतात तुला 'ले बी आयेर', त्याला काल पाहिलं, असं 'ले' ऐकू येईल आणि पुस्तकात तिथे 'लो' असेल. पुरुषाबद्दल एकवचनी 'ले' स्पॅनिश भाषेच्या अकादमीनंही मान्य केलेला आहे. परीक्षेत 'लो' लिही, म्हणजे प्रश्नच नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी डोकं दुखेल, आणि दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर 'आल्यापेक्षा कमी येतंय' असं वाटेल. कान सतत ताणलेला असतो आणि स्वतःच्या चुका आता स्वतःला ऐकू येऊ लागलेल्या असतात, म्हणून हे होतं. त्या दोन-तीन दिवसांत दुपारी अर्धा तास झोप काढ, दुकानं तशीही दोन ते पाच बंद असतात, आणि घरी फोन जेवणाच्या आधी कर. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे इथले साडेअकरा, त्यामुळे दुपारची वेळ बरी. रोज तासभर मराठीत बोलत बसलीस तर कान पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. शनिवार-रविवारी बार्सेलोना गाठायचा मोह टाळ, प्रवासातच दोन दिवस जातात. आविला किंवा थामोरा हे जवळचं गाव एका दिवसात होतं.

परतल्यावर परीक्षा द्यायची असेल तर सिएले तीन आठवड्यांच्या आत दे. कान तोवर ताजा असतो. तिचा निकाल पाच वर्षं ग्राह्य धरतात. कायमचं प्रमाणपत्र हवं तर देले, पण बी१ची देले लगेच नको. परत येऊन आणखी ऐंशी-शंभर तास झाल्यावर, म्हणजे आठवड्याला चार तास धरलेस तर सहा महिन्यांनी बस.